यंत्रांची आयुर्मर्यादा

मनुष्याच्या घरांत मनुष्यांखेरीज आणखीहि पुष्कळ मंडळी राहत असते. पाटावरवंटा, समई, तांब्यापितळेचीं भांडीं, धान्याची कोठी, भिंतीवरचें घड्याळ ही मुकी मंडळी एके काळीं घरच्या माणसांहूनहि दीर्घायुषी असे. सासूच्या हातची परात सुनेच्या हातीं जाई व सुनेच्या हातची नातसुनेच्या हातीं. आणि परातीवर कोरलेलें नांव व साल वाचून नव्यानें आलेल्या मुलीस कळे कीं, आपल्या आधीं या घरांत पीठ मळणारे दुसरे हात होऊन गेले आहेत. भांड्यांवर नांव घालण्याची ही चाल अद्यापि आपल्याकडे आहे. परंतु मोबाइलच्या पाठीवर कोणी आपलें नांव व खरेदीची तारीख कोरून घेतल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. जी वस्तु आपल्याच हातांत चार-पांच वर्षांपलीकडे टिकण्याचा भरंवसा नाहीं, ती पुढच्या पिढीच्या हातीं जाण्याची गोष्ट दूरच राहिली.

विजेवर चालणाऱ्या या घरगुती यंत्रांचें आयुष्य किती असावें, तें कोणीं ठरवावें, आणि तें संपल्यावरहि आपण त्यांस कां जपून ठेवतों, या तीन प्रश्नांचा थोडासा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यांवर मध्यम स्थितींतील कुटुंबाचा इतका पैसा खर्च होतो, आणि ज्यांच्या पोटांत त्या कुटुंबाचीं छायाचित्रें, पत्रें व हिशेब सांठविलेले असतात, त्या वस्तू कशानें मरतात याची चौकशी करणें हा रिकामटेकडा उद्योग खास नव्हे.

चौकशीचा आरंभ आम्हीं घरापासूनच केला. आमच्या कपाटास खालच्या बाजूस एक मोठा खण आहे. निकामी झालेलें यंत्र त्यांत जाऊन पडतें व तेथून पुढें कोठेंहि जात नाहीं. हा खण रिता करून आम्हीं त्यांतील मंडळींचा रीतसर पंचनामा लिहिला. सात मोबाइल, दोन लॅपटॉप, एक कॅमेरा व एक खिशांत मावणारें गाणीं ऐकण्याचें यंत्र असे अकरा नग भरले. पैकीं एक मोबाइल पाण्यांत पडून गेला होता, दुसऱ्याची कांच फुटली होती, आणि एका लॅपटॉपची बिजागरी मोडली होती. तीन मोबाइलांच्या बॅटऱ्या थकल्या होत्या. एक मोबाइल धडधाकट होता. परंतु ज्या सी.डी.एम.ए. पद्धतीवर तो बोलत असे ती पद्धतिच २०१७ च्या सुमारास आपल्या देशांतून उठली. एक मोबाइल व दुसरा लॅपटॉप यांच्या शरीरांत कांहींहि बिघाड नव्हता. त्यांच्या कर्त्यांनीं त्यांस सॉफ्टवेअरचे नवे अपडेट देणें थांबविलें, आणि त्यामुळें बँकेचें काम त्यांवर करणें धोक्याचें ठरलें. कॅमेरा व गाण्यांचें यंत्र हीं दोन तर आजहि निरोगी आहेत. त्यांचें काम मोबाइलनें हिरावून घेतल्यामुळें तीं घरीं बसलीं.

या पंचनाम्यावरून एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. अकरांपैकीं ज्यांस खरोखर मोडलेलीं म्हणतां येईल अशीं यंत्रें तीनच. बॅटरी थकणें म्हणजे यंत्र मोडणें नव्हे. समईंतील तेल संपावें तसेंच तें आहे, आणि तेल संपलें म्हणून समई कोणी खणांत टाकून देत नाहीं. राहिलेल्या पांचांस तर म्हातारपणहि आलें नव्हतें. तात्पर्य, आपल्या घरांतील यंत्रें झिजून क्वचितच मरतात; बहुधा तीं दुसऱ्या कोणाच्या तरी निर्णयानें मरतात. तो निर्णय कधीं कारखानदाराचा असतो, कधीं सेवा पुरविणाऱ्या कंपनीचा, आणि कधीं, हेंहि विसरतां कामा नये, नव्या वस्तूवर मन गेलेल्या मालकाचा स्वतःचा.

आमच्या वडिलांनीं १९५६ सालीं एक वाल्व्हचा रेडिओ घेतला होता. तो अठ्ठावीस वर्षें बोलत होता. त्या काळीं रेडिओ बाळगण्यास टपालकचेरींतून परवाना काढावा लागे व त्याची फी वर्षाकांठीं भरावी लागे. ही पद्धति १९८० नंतरच्या दशकांत बंद झाली. रेडिओ मुका झाला कीं, वडील त्याची पाठीमागची पुठ्ठ्याची फळी काढीत. कोणता वाल्व्ह तांबूस उजळत नाहीं हें उघड्या डोळ्यांस दिसे. तो खोबणींतून उपटून, फडक्यांत गुंडाळून पेठेंतील दुरुस्तीवाल्याकडे न्यावयाचा, तपासून घ्यावयाचा आणि बाद ठरल्यास दुसरा आणून बसवावयाचा, एवढाच काय तो उपचार. रेडिओ घुमूं लागला तर कंडेन्सर वाळला असें निदान शेजारचा शाळकरी मुलगाहि करी. मग दुरुस्तीवाले स्वतः घरीं येत, चहा घेत, कथलाचा एक डाग देत, आणि बातम्यांच्या वेळेपूर्वीं रेडिओ पुन्हां बोलूं लागे. यंत्राचें पोट मालकास उघडतां येत असे आणि तें उघडण्यांत कोणाचा अपमान होत नसे, ही त्या व्यवस्थेंतील मुख्य गोष्ट होय. कल्हई, रफू, टांका, डाग, जोड, ठिगळ हे शब्द आपल्या भाषेंत केवळ कोशांत पडून नव्हते. त्या प्रत्येकामागें एक माणूस उभा असे, व तो दारावरून आरोळी देत जाई.

मात्र एवढ्यावरून जुना काळ सद्गुणी व नवा उधळ्या असा निकाल देण्यास आम्ही तयार नाहीं. वडिलांनीं रेडिओ अठ्ठावीस वर्षें जपला, त्यांत प्रेमाइतकाच नाइलाजहि होता. त्या रेडिओची किंमत त्यांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी होती, आणि दुरुस्तीवाल्याची मजुरी दोन-चार रुपये. वस्तु महाग व मजुरी स्वस्त असें जेथें असतें तेथें मनुष्य दुरुस्ती करून घेतो. वस्तु स्वस्त व मजुरी महाग झाली कीं तो नवी आणतो. यांत नीतीचा प्रश्न थोडा आणि अंकगणिताचा अधिक आहे. शिवाय दीर्घायुष्य हें सर्वत्रच हितकर असतें असेंहि नाहीं. वीस वर्षांपूर्वींचा फ्रिज आजच्या चांगल्या फ्रिजपेक्षां पुष्कळ अधिक वीज खातो. त्याला जगविण्यांत घरच्या बिलाचेंहि हित नसतें आणि जगाचेंहि नसतें. मोबाइलची गोष्ट याच्या उलट आहे. त्याला आयुष्यभर लागणारी वीज फारच थोडी. त्याच्यापायीं जो कोळसा जळतो व जी खाण खणली जाते, तें बहुतेक सारें तो आपल्या हातीं येण्यापूर्वींच होऊन गेलेलें असतें. म्हणून फ्रिज कधीं काढावा हें विजेच्या बिलास विचारावें, आणि मोबाइल शक्य तितका वापरावा, असा आमचा साधा हिशेब आहे.

आतां प्रश्न असा कीं, मोबाइल शक्य तितका वापरण्याच्या आड येतें कोण? पहिली आड येते ती बॅटरी. हल्लींच्या यंत्रांतील लिथियम-आयन बॅटरी १९९१ सालीं बाजारांत आली, आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तीन शास्त्रज्ञांस २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तिच्या पोटांत लिथियमचे कण एका बाजूकडून दुसरीकडे व पुन्हां परत अशी येरझारा करीत असतात. प्रत्येक खेपेस त्यांतील अगदीं थोडे कण वाटेंत अडकून पडतात व परत फिरत नाहींत. कांहीं शें खेपा झाल्या कीं बॅटरीची धारणशक्ति उघड कमी होते. उन्हाळा, उष्णता, रात्रभर पूर्ण भरलेल्या स्थितींत पडून राहणें, यांनीं तें वार्धक्य लवकर येतें. ही झीज अटळ आहे आणि तिजबद्दल कोणालाहि दोष देतां येत नाहीं. परंतु जो भाग सर्वांत आधीं झिजणार हें कर्त्यास ठाऊक आहे, तोच भाग त्यानें डिंकासारख्या लुकणानें आंत चिकटवून टाकावा, ही मात्र निसर्गाची आज्ञा नव्हे. प्रारंभींच्या मोबाइलांची पाठ अंगठ्याच्या नखानें उघडत असे व बॅटरी पेठेंतील कोणत्याहि दुकानीं मिळे. यंत्र पातळ व्हावें, त्यांत पाणी शिरूं नये, हीं चिकटविण्याचीं कारणें खोटीं नाहींत. पण त्या सोयीची किंमत म्हणून यंत्राचें अर्धें आयुष्य आपण देऊन बसलों, हें दुकानांत कोणी सांगत नाहीं.

कर्त्यानें वस्तूची आयुर्मर्यादा मुद्दाम आंखून द्यावी ही कल्पना आजची नाहीं. विजेच्या दिव्यांच्या मोठमोठ्या कारखानदारांनीं १९२४ सालीं जिनीव्हा येथें एकत्र येऊन फीबस नांवाचा संघ स्थापिला. जर्मनीची ऑसराम, हॉलंडची फिलिप्स इत्यादि कंपन्या त्यांत होत्या. तोंपर्यंत दीड-दोन हजार तास जळणारे दिवे मिळत असत. संघानें ती मुदत एक हजार तासांवर आणण्याचें ठरविलें. सभासदांचे दिवे तपासण्यासाठीं स्वित्झर्लंडांत प्रयोगशाळा होती, आणि ज्याचे दिवे ठरल्याहून अधिक दिवस जगत त्या कारखानदारास दंड होई! चांगली वस्तु केल्याबद्दल दंड होण्याचें हें उदाहरण मोठें चमत्कारिक आहे. दुसऱ्या महायुद्धानें हा संघ मोडला. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील लिव्हरमोर गांवीं, आग विझविणाऱ्या बंबांच्या ठाण्यांत, १९०१ पासून एक दिवा जळत आहे, त्याचें उदाहरण या संघाच्या विरुद्ध वारंवार दिलें जातें. परंतु न्यायबुद्धीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, तो दिवा सांप्रत रात्रीच्या समईइतकाच मंद जळतो. त्याच्याखालीं वर्तमानपत्र वाचतां यावयाचें नाहीं. दिव्याची तार सौम्य तापविली तर ती अधिक जगते व प्रकाश कमी देते. संघाचा बचाव हाच होता, आणि तो सर्वस्वीं पोकळ नव्हता. दोष मर्यादेंत नव्हता. ती मर्यादा गिऱ्हाइकाच्या पाठीमागें, बंद खोलींत ठरली, यांत होता.

याच सुमारास, १९३२ सालीं, न्यूयॉर्कच्या बर्नार्ड लंडन नांवाच्या गृहस्थानें एक पुस्तिका छापून सुचविलें कीं, मंदी हटवावयाची असेल तर सरकारनेंच प्रत्येक वस्तूस आयुष्य ठरवून द्यावें. तें संपलें कीं वस्तु कायद्यानें मृत समजावी व मालकानें ती सरकारजमा करावी, म्हणजे कारखाने चालूं राहतील. ही सूचना कोणत्याहि सरकारनें अमलांत आणली नाहीं. परंतु बाजारानें तिची बरीच अंमलबजावणी कायद्यावांचूनच करून टाकली, असें आज म्हणावेंसें वाटतें. डिसेंबर २०१७ मध्यें ॲपल कंपनीनें कबूल केलें कीं, बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांची गति ती सॉफ्टवेअरच्या द्वारें मंद करीत आली आहे. थकलेल्या बॅटरीवर भार येऊन फोन एकाएकीं बंद पडूं नये म्हणून ही योजना केली, असें तिचें म्हणणें होतें, आणि यांत्रिक दृष्टीनें तें समजण्यासारखें आहे. पण ज्याचा फोन मंद झाला त्या बिचाऱ्यास वाटलें कीं फोन म्हातारा झाला. वस्तुतः बॅटरी बदलली असती तर तोच फोन पूर्ववत् धांवला असता. ही गोष्ट गिऱ्हाइकांस कळविली नाहीं एवढ्याकरितां फ्रान्सच्या अधिकाऱ्यांनीं २०२० सालीं त्या कंपनीस अडीच कोटी यूरोंचा दंड केला. येथेंहि अपराध मंद करण्याचा ठरला नाहीं, न सांगण्याचा ठरला.

दुसरें मरण अपडेट बंद पडल्यामुळें येतें, आणि तें अधिक विचित्र आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० या प्रणालीस दिला जाणारा नेहमींचा विनामूल्य आधार थांबविला. आदल्या रात्रीं जे संगणक घरोघर व कचेऱ्यांतून निमूटपणें काम करीत होते तेच दुसऱ्या सकाळींहि करीत होते. त्यांपैकीं ज्यांस नव्या प्रणालीच्या अटी पुऱ्या करतां आल्या नाहींत, त्यांस मात्र पुढें चोरांपासून संरक्षण मिळण्याची खात्री राहिली नाहीं. हें मरण नव्हे. पूर्वी गांवकी एखाद्यास वाळींत टाकी, त्या जातीचा हा प्रकार आहे. मनुष्य जिवंत असतो, घर उभें असतें, पण त्याच्याकडे कोणी पाणी भरावयास जात नाहीं. कर्त्यानें जन्मभर फुकट राबावें असें आम्ही म्हणत नाहीं. पण वाळींत टाकण्याची तारीख खरेदीच्या दिवशींच पेटीवर छापलेली असावी, असें म्हणण्यास हरकत नसावी.

येथवर यंत्रें वापरण्याचा विचार झाला. तीं ठेवण्याचा प्रश्न निराळा आहे. आमच्या परिचयाच्या घरांपैकीं ज्या घरीं असा एक खण नाहीं असें घर आम्हांस अद्यापि आढळलेलें नाहीं. कोणी म्हणतात, मोड म्हणून विकावें तर शंभर-दोनशें रुपये हातीं येतात, तेवढ्यासाठीं कोण जातो? कोणी म्हणतात, वेळप्रसंगीं उपयोगी पडेल. परंतु आमच्या मतें खरें कारण याहून खोल आहे. वडिलांच्या रेडिओस स्मरणशक्ति नव्हती. अठ्ठावीस वर्षें त्यानें आमच्या घरांत गाणीं म्हटलीं, पण घरांत काय बोललें गेलें याचा एक शब्दहि त्यानें सांठविला नाहीं. म्हणून शेवटीं तो जुन्या बाजारांत देतांना वडिलांस वाईट वाटलें तरी भय वाटलें नाहीं. आजचीं यंत्रें आपणांस विसरत नाहींत. आपलीं पत्रें, पैशांचे व्यवहार, मुलांचीं पहिलीं पावलें, रुग्णालयाचे कागद, भांडणें आणि समेट, सारें त्यांच्या पोटांत असतें. असें यंत्र परक्याच्या हातीं देववत नाहीं, आणि तें बंद पडलेलें असल्यामुळें आपणांसहि उपयोगी पडत नाहीं. ज्या काळीं वस्तू मनुष्याला ओळखीत नव्हत्या त्या काळीं त्या तीस वर्षें टिकत. त्या मनुष्याला ओळखूं लागल्या आणि त्यांचें आयुष्य चार वर्षांवर आलें, ही या युगाची मोठी विसंगति आहे.

ती किती जिव्हारीं लागते याचा अनुभव आम्हांस आला. आमच्या खणांतील थकलेल्या तीन मोबाइलांपैकीं एक आमच्या वडील बहिणीचा होता. घरांत तिला सर्वजण आक्का म्हणत. ती २०२१ सालीं वारली. आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या तिला पुष्कळ येत. लिहावयास बोटें वळत नाहींत म्हणून शेवटच्या दोन वर्षांत दुपारीं एकटी बसून तिनें त्या आपल्या मोबाइलांत म्हणून ठेविल्या होत्या. भाच्यानें तो फोन आमच्या हातीं देऊन सांगितलें, "मामा, यांतल्या ओव्या तुम्हींच नीट ऐकून लिहून काढा, शब्द आम्हांला लागत नाहींत." आम्हीं हातचें काम संपवून फोन काढला, तों त्याची बॅटरी फुगून पाठ वर आलेली. कंपनीच्या अधिकृत दुकानांत नेला. तेथील मुलानें पाहतांक्षणींच सांगितलें कीं, या नमुन्याचे भाग येणें बंद झालें, आंतील मजकूर काढून देण्याची सोय नाहीं, नवा घेतल्यास जुन्याबद्दल सूट मिळेल. तो उद्धटपणें बोलला नाहीं. त्याच्याजवळ देण्यासारखें दुसरें उत्तरच नव्हतें. आमच्या आईच्या आईपासून चालत आलेल्या त्या ओव्या आतां या जगांत केवळ त्या फुगलेल्या डबीमध्यें होत्या, आणि ती डबी निकामी ठरली होती.

शेवटीं पुण्याच्या बुधवार पेठेंत एका जिन्याखालीं बसणाऱ्या तरुण दुरुस्तीवाल्याकडे आम्ही गेलों. त्याचें सारें दुकान एका टेबलावर मावलें होतें: भिंग, चिमटे, गरम हवा सोडणारी नळी, डाग देण्याची कांडी. त्यानें पाठ तापवून लुकण सैल केलें आणि फुगलेली बॅटरी फार जपून बाहेर काढली. ती टोंचली गेली तर पेट घेते, असें त्यानें काम करतां करतां सांगितलें. मग बॅटरीच्या जागीं दोन तारा जोडून त्यानें टेबलावरच्या यंत्रांतून वीज सोडली. "काका, हा मेला नाहीं," तो म्हणाला, "उपाशी आहे." थोड्या वेळानें पडदा उजळला. भाच्यानें दिलेला आंकडा आम्हीं दाबला. एकेचाळीस ध्वनिमुद्रणें होतीं. खात्री करण्यासाठीं त्यानें एक लावून पाहिलें, आणि त्या अरुंद गल्लीच्या गर्दींत, गाड्यांच्या भोंग्यांत, आक्काचा आवाज आला. ओवी म्हणण्यापूर्वीं तिनें घसा खाकरला होता, तोहि ऐकूं आला. दुरुस्तीवाल्यानें आवाज थोडा वाढविला व आपण दुसऱ्या कामाकडे वळला. सारीं मुद्रणें उतरवून दिल्यावर त्यानें सहाशें रुपये मागितले. त्या ओव्या आतां कागदावर उतरल्या आहेत, व त्यांच्या प्रती तीन घरीं गेल्या आहेत.

हें आम्हीं विस्तारानें सांगितलें तें एवढ्यासाठीं कीं, यंत्राचें आयुष्य हा केवळ पैशाचा किंवा कचऱ्याचा प्रश्न नाहीं. कचऱ्याचा आहेच. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाहणीप्रमाणें २०२२ सालीं जगांत ६ कोटी २० लाख टन विजेच्या यंत्रांचा कचरा झाला, आणि त्यांतील रीतसर गोळा होऊन पुन्हां उपयोगांत आणल्याची नोंद असलेला भाग शेंकडा २२.३ इतकाच होता. आपल्या सरकारचे या कचऱ्याविषयींचे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आहेत. कारखानदारानें किती कचऱ्याची विल्हेवाट लावावी हें ठरविण्यासाठीं त्या व्यवस्थेंत प्रत्येक यंत्राचें सरासरी आयुष्य धरावें लागतें: फ्रिजास दहा वर्षें, मोबाइलास पांच. लंडनसाहेबांची पुस्तिका आठवून हा आंकडा वाचतांना थोडें हंसूं येतें. पण हेतु उलट आहे; तेथें मरण घडवून आणावयाचें होतें, येथें मेलेल्याचा अंत्यविधि कोणीं करावा एवढाच प्रश्न आहे.

मरण लांबविण्याचे प्रयत्नहि सुरू झाले आहेत. युरोपीय संघांत २० जून २०२५ पासून बाजारांत येणाऱ्या मोबाइलांस नवे नियम लागू झाले. आठशें वेळां भरून रिती केल्यावरहि बॅटरींत निदान ८० टक्के शक्ति उरली पाहिजे. त्या नमुन्याची विक्री थांबल्यावर महत्त्वाचे भाग सात वर्षें मिळाले पाहिजेत व अपडेट पांच वर्षें चालूं राहिले पाहिजेत. यंत्राचा भाग कर्त्याच्या संमतीवांचून बदलला तर यंत्रानें तो ओळखूंच नये, अशा युक्तीस अमेरिकेंतील ऑरेगन राज्यानें २०२४ सालच्या कायद्यानें बंदी केली. आपल्या केंद्र सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासंबंधीं एक संकेतस्थळ उघडलें असून शेतीचीं अवजारें, मोबाइल व तत्सम यंत्रें, घरगुती उपकरणें आणि मोटारगाड्या यांची माहिती कंपन्यांनीं तेथें द्यावी अशी योजना आहे. माहिती मिळणें हा आरंभ होय. भाग मिळणें ही पुढची पायरी आहे, आणि ती कायद्यावांचून चढतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

परंतु कायदा होईपर्यंत गृहस्थानें स्वस्थ बसावें असेंहि नाहीं. खंडेनवमीस व दसऱ्यास आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. सुतार आपल्या पटाशीस, शिंपी आपल्या यंत्रास फूल वाहतो. हल्लीं लॅपटॉपवरहि झेंडूचें फूल दिसतें, आणि त्यांत थट्टेचें कांहीं कारण नाहीं. पण त्या पूजेचा अर्धा भाग फुलाच्या आधीं होत असे. हत्यार बाहेर काढून घांसावयाचें, गंज काढावयाचा, धार लावावयाची, तेल द्यावयाचें, सैल झालेला दांडा बसवावयाचा, आणि मग हळदकुंकू. दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकीं एक असल्यामुळें त्या दिवशीं नवीन वस्तु घेण्याची हौसहि जुनीच आहे. ती राहूं द्यावी. तिच्या जोडीस वर्षांतून एकदां खण उघडावा, बॅटरी बदलतां येईल ती बदलावी, आंतील मजकूर दोन ठिकाणीं उतरून घ्यावा, आणि ज्यांचें खरोखर संपलें आहे त्यांस योग्य हातीं सोंपवावें, एवढें प्रत्येक घरास करतां येण्यासारखें आहे.

आणि दुकानांत गेल्यावर एक प्रश्न अधिक विचारावा. सोयरीक जुळवितांना आपले वडीलधारे मुलाच्या रूपाइतकीच त्याच्या घराची चौकशी करीत: अडचणीच्या वेळीं मागें उभें कोण राहील? यंत्राच्या बाबतींत आपण कांच किती मोठी व चित्र किती स्पष्ट एवढेंच विचारतों. आम्हांस यंदा नवा फ्रिज घ्यावयाचा आहे. परवां दुकानदारास आम्हीं विचारलें कीं, याचे भाग किती वर्षें मिळतील, आणि दुरुस्तीस कोण येईल? तो सज्जन गृहस्थ थोडा गोंधळला, त्यानें दोन ठिकाणीं फोन केला, आणि म्हणाला, "साहेब, हें आजवर कोणी विचारलें नव्हतें. उद्यां सांगतों." आमच्या मागून त्या दुकानांत जाणाऱ्या प्रत्येकानें तोच प्रश्न पुन्हां विचारावा, एवढेंच वाचकांपाशीं आमचें मागणें आहे.